बॉम्बे आर्ट सोसायटी आणि आपली रांगोळी-स्पर्धा

वर्धापनदिनाची स्मरणिका निघायची म्हटली की चिटणीसताई दरवर्षी माझ्याकडे पाककृती मागतात. यंदाही त्या आल्या. मी म्हटले, "यंदा पाककृती नको. मला एका संस्थेचा इतिहास लिहावयाचा आहे." त्या हसल्या आणि म्हणाल्या, "काकू, इतिहास लिहायला शाळेतल्या बाई आहेत की." त्यांचे खोटे नाही. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. परंतु गेल्या दिवाळीपासून एक गोष्ट माझ्या मनाला लागून राहिली आहे, आणि ती सांगावयाची तर मला या इतिहासातूनच जावे लागेल. म्हणून हा लेख. चुकले-माकले भगिनींनी सांभाळून घ्यावे.

आधी ती गोष्ट सांगते. गेल्या दिवाळीत मंडळाची रांगोळी-स्पर्धा झाली, तेव्हा परीक्षक म्हणून आम्ही तिघी होतो. गॅलरीभर रांगोळ्या पडल्या होत्या. कोणी ठिपक्यांची कासवे काढली होती, कोणी मोर, कोणी लक्ष्मीची पावले. शेवटच्या खोलीसमोर आपल्याच चाळीतल्या एका मुलीने एक निराळीच रांगोळी घातली होती. सकाळच्या पाण्याच्या वेळी नळावर लागते ती बादल्यांची रांग. मागे बायका उभ्या, एकीच्या कडेवर मूल, एकीचा पदर खोचलेला. रंग सगळे राखाडी आणि तपकिरी. तपकिरी रंगासाठी तिने वाळवलेली चहाची पूड वापरली होती, हे मागाहून कळले. आम्ही तिघींनी एकमेकींकडे पाहिले. एकजण म्हणाली, "सणासुदीला हे काय कळकट काढले आहे!" मी हो म्हटले. नुसते हो म्हणून थांबले नाही, "रांगोळी म्हणजे मंगल असावी" असे त्या मुलीला चार शब्द ऐकवलेदेखील. तिला गुणसुद्धा दिले नाहीत, स्पर्धेबाहेरची ठरवली. बक्षीस-समारंभाच्या आधीच तिने ती रांगोळी हाताने पुसून टाकली. स्टीलचे डबे वाटून झाले, टाळ्या झाल्या, आणि आम्ही घरी गेलो.

त्यानंतर संक्रांतीला मंडळाने मुलांची चित्रे मागवली तेव्हा तिने नाव दिले नाही. मी तिच्या आईला विचारले. ती म्हणाली, "ती आता काढत नाही हो काही." एवढेच. रागाचा शब्द नाही. पण माझा घास घशातच अडकला.

पुढे एका रविवारी माझ्या नणंदेबरोबर मी काळाघोड्याला गेले होते. ऊन फार म्हणून आम्ही जहांगीर आर्ट गॅलरीत शिरलो. तेथे जावयास पैसे पडत नाहीत, हे पुष्कळजणींना ठाऊक नाही, म्हणून मुद्दाम सांगते. आत बॉम्बे आर्ट सोसायटीचे वार्षिक प्रदर्शन लागले होते. एका बाजूस नावाजलेल्या चित्रकारांची चित्रे होती आणि दुसरीकडे विद्यार्थ्यांची. विद्यार्थ्यांच्या विभागात एक चित्र होते: लोकलच्या डब्यातल्या दमलेल्या बायका. तेही राखाडी रंगातले. आणि त्याच्याखाली पारितोषिकाची चिठ्ठी होती. मी त्या चित्रापुढे बराच वेळ उभी राहिले. नणंद म्हणाली, "चल वहिनी, गाडी चुकेल." पण मला त्या मुलीची रांगोळी दिसत होती. या संस्थेने जे बक्षीसपात्र मानले, तसलेच काही आम्ही पुसावयास लावले होते. ही संस्था कोणती, कशी चालते, तरुण चित्रकारांना ती काय देते, हे मी तेव्हापासून वाचनालयातून पुस्तके आणून वाचू लागले. जे समजले ते पुढे सांगते.

बॉम्बे आर्ट सोसायटीची स्थापना मुंबईत १८८८ साली झाली. त्या काळी मुंबईत चित्रकला शिकण्याची सोय होती. सर जमशेटजी जीजीभाई यांनी दिलेल्या एक लाख रुपयांच्या देणगीतून १८५७ साली जे. जे. स्कूल ऑफ आर्ट सुरू झाले होते. परंतु शिकून बाहेर पडलेल्या मुलाने करावयाचे काय? एखाद्या शाळेत ड्रॉइंग-मास्तर व्हावे, नाही तर कोणा धनिकाची तसबीर रंगवून द्यावी. आपले चित्र चार लोकांना दाखवावे, त्यांनी ते पाहावे, पसंत पडल्यास विकत घ्यावे, अशी जागा नव्हती. ही जागा सोसायटीने करून दिली. दरवर्षी चित्रांचे प्रदर्शन भरवावयाचे, चांगल्या चित्रांना पदके व बक्षिसे द्यावयाची, आणि शहरातील लोकांत चित्रे पाहण्याची आवड निर्माण करावयाची, असे तिचे काम. आरंभी कारभार बहुतेक इंग्रज साहेबलोकांच्या हाती होता. त्यांत हौशी चित्रकार पुष्कळ होते.

अशा प्रदर्शनाची रीत आपण स्त्रियांनी समजून घेण्यासारखी आहे, कारण ती आपल्या स्पर्धांनाही लागू पडते. आधी चित्रे मागवली जातात. मग निवड-समिती बसते आणि कोणती चित्रे लावावयाची ते ठरवते. जी निवडली जात नाहीत, ती चित्रकाराने परत न्यावयाची. निवडलेली चित्रे भिंतीवर लागतात, खाली नाव व किंमत. त्यांतून परीक्षक पदके ठरवतात. एखादे चित्र विकले गेले की त्याच्या खाली लाल टिकली लावतात. म्हणजे तरुण चित्रकाराला येथे तीन गोष्टी मिळू शकतात: भिंतीवर जागा, जाणत्या माणसाची नजर, आणि नशीब असेल तर चार पैसे. पण या सगळ्याच्या आधी निवड-समितीचा उंबरठा आहे. कोणाला आत घ्यावयाचे आणि कोणाला परत पाठवावयाचे, यातच संस्थेची खरी परीक्षा होते.

आता या संस्थेने ज्यांना आत घेतले त्यांच्याविषयी. कोल्हापूरचे महादेव विश्वनाथ धुरंधर १८९० साली जे. जे. स्कूलमध्ये शिकावयास आले. सोसायटीच्या १८९२ च्या प्रदर्शनात त्यांच्या एका चित्राला बक्षीस मिळाले. त्या चित्राचा विषय होता घरकाम! भगिनींनो, हे वाचून मला किती बरे वाटले म्हणून सांगू! आपण दिवसभर जे करतो आणि ज्याला कोणी काम म्हणून मोजत नाही, ते एका विद्यार्थ्याने चित्रात घातले आणि साहेबांच्या प्रदर्शनात ते बक्षिसाला पात्र ठरले. पुढे १८९५ साली त्यांच्या 'आलीस का ग लक्ष्मी' या अर्थाच्या नावाच्या चित्राला सोसायटीचे सुवर्णपदक मिळाले. धुरंधर त्याच कलाशाळेत शिक्षक झाले. तेथे त्यांची एक्केचाळीस वर्षे गेली, आणि त्या आठवणींचे 'कलामंदिरातील एक्केचाळीस वर्षे' या नावाचे मराठी पुस्तकही त्यांनी लिहिले. मराठी बायकांची नऊवारी नेसण्याची ढब, त्यांचे चालणे-बसणे, लग्नातील गडबड हे त्यांनी असंख्य चित्रांत उतरवले. त्यांची मुलगी अंबिका धुरंधर हीदेखील जे. जे. मध्ये शिकून चित्रकर्ती झाली. त्या काळी मुलीने असे शिकणे ही साधी गोष्ट नव्हती.

दुसरे नाव गणपतराव म्हात्रे यांचे. १८९६ साली, विशीतल्या या विद्यार्थ्याने एक पुतळा घडवला. देवळाकडे निघालेली एक मराठी तरुणी, नऊवारी नेसलेली. पुतळा माणसाएवढ्या उंचीचा, पण संगमरवराचा नव्हे, साध्या प्लास्टरचा. विद्यार्थ्याजवळ संगमरवर कोठून असणार? 'मंदिरपथगामिनी' या नावाने तो प्रसिद्ध आहे. सोसायटीने त्याला रौप्यपदक दिले. पुढे त्याचा एवढा बोलबाला झाला की दूर बंगालात रवींद्रनाथ ठाकुरांनी त्यावर लेख लिहिला. म्हात्रे पुढे देशातील नामांकित मूर्तिकार झाले. पदकाने हात घडत नाही हे खरे. हात त्यांचाच होता. पण विशीच्या पोराच्या प्लास्टरच्या कामाकडे लोकांनी वळून पाहिले, त्याला हे पदक कारणी लागले असेल असे मला वाटते.

यावरून कोणी असे समजू नये की संस्थेत सारे गोडच होते. साहेबलोकांच्या हाती कारभार, त्यांच्या आवडीनिवडी विलायती, त्यामुळे आपल्या लोकांना डावलले गेल्याची भावना होणे साहजिक होते. १९१८ साली मुंबईत आर्ट सोसायटी ऑफ इंडिया ही दुसरी संस्था निघाली आणि तिने आपली निराळी प्रदर्शने भरवण्यास सुरुवात केली. दोन संस्था झाल्या म्हणून काही बिघडले नाही. उलट मुलांना एकाऐवजी दोन दारे झाली. आपल्याकडे एका मंडळाची दोन झाली की बोलणे बंद होते, त्यापेक्षा हे बरे.

आता एका बाईची हकीगत सांगते. तिच्यात मला माझ्या चुकीचे उत्तर पहिल्यांदा सापडले. अमृता शेरगिल यांचे वडील पंजाबचे शीख सरदार व आई हंगेरीची. पॅरिसला चित्रकला शिकून १९३४ च्या अखेरीस त्या हिंदुस्थानात परतल्या. १९३५ साली त्यांनी सिमल्याच्या कलासंस्थेच्या प्रदर्शनाकडे चित्रे पाठवली. त्या संस्थेने त्यांतील काही चित्रे नाकारली आणि एका चित्राला बक्षीस दिले. शेरगिलबाई मोठ्या मानी. त्यांनी बक्षीस परत केले. पुढे त्यांनी मुंबईस बॉम्बे आर्ट सोसायटीकडे चित्रे पाठवली. त्यांत एक चित्र होते तीन मुलींचे. तिघी जवळजवळ बसल्या आहेत, अंगावर रंगीत कपडे आहेत, पण चेहऱ्यावर हसू नाही. पुढे आपल्या आयुष्यात जे वाढून ठेवले आहे त्याकडे त्या मुकाट पाहत असाव्यात, असे वाटते. १९३७ साली या चित्राला सोसायटीचे सुवर्णपदक मिळाले. तेव्हा बाईंचे वय अवघे चोवीस होते. १९४१ साली, अठ्ठाविसाव्या वर्षी, त्या लाहोरास वारल्या. आज ते चित्र दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात आहे.

त्या चित्राची छापील प्रत मी पुस्तकात पाहिली. त्यात मोर नाही, कमळ नाही. तीन गप्प मुली आहेत. आपल्या गॅलरीत ते चित्र आले असते, तर आम्ही तिघी परीक्षक काय म्हणालो असतो, हे भगिनींना सांगावयास नको.

परंतु मुंबईच्या सोसायटीचेही डोळे नेहमी उघडे होते असे नाही. आता जी हकीगत सांगते ती सर्वांत महत्त्वाची आहे.

कृष्णाजी हौळाजी आरा यांचा जन्म १९१४ साली सिकंदराबादजवळच्या बोलारम येथे झाला. आई लहानपणीच गेली. पोटासाठी ते पोरवयात मुंबईस आले. घरगडी म्हणून राहिले, मोटारी धुतल्या. मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगातही गेले. कोणत्याही कलाशाळेत न शिकता ते चित्रे काढू लागले. त्या सुमारास हिटलरच्या छळामुळे युरोपातून परागंदा झालेली काही मंडळी मुंबईत आली होती. व्हिएन्नाचे चित्रकार वॉल्टर लँगहॅमर हे टाइम्स ऑफ इंडियात कलाविभागाचे प्रमुख झाले. जर्मनीहून आलेले रुडॉल्फ फॉन लायडन वर्तमानपत्रांत चित्रांवर लिहीत. एमॅन्युएल श्लेसिंजर हे औषधांच्या धंद्यातले गृहस्थ तरुण चित्रकारांची चित्रे विकत घेत. लँगहॅमर यांच्या घरी रविवारी तरुण चित्रकार जमत. रंग कसा लावावा, परदेशात काय चालले आहे, याची चर्चा होई. मोटारी धुणाऱ्या आरा यांच्या हातात कला आहे हे या मंडळींनी ओळखले आणि त्यांना धीर दिला. १९४४ साली आरा यांना बॉम्बे आर्ट सोसायटीच्या प्रदर्शनात गव्हर्नरचे पारितोषिक मिळाले.

येथपर्यंत सारे छान. पुढे देश स्वतंत्र झाला. आरा यांनी स्वातंत्र्यदिनाच्या मिरवणुकीचे एक मोठे चित्र रंगवले आणि सोसायटीकडे पाठवले. ते निवड-समितीने नाकारले! तीन वर्षांपूर्वी ज्याला पारितोषिक दिले, त्याचे स्वातंत्र्याचे चित्र परत पाठवले. समितीला काय खटकले असेल ते असो. पण हे पाहून आरा यांचे मित्र फ्रान्सिस न्यूटन सूझा संतापले. सूझा मूळचे गोव्याचे. आपणच आपला एक गट काढावा असे त्यांच्या मनाने घेतले, आणि १९४७ साली 'प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप' स्थापन झाला. त्यात सहाजण होते: सूझा, आरा, सय्यद हैदर रझा, मकबूल फिदा हुसेन, हरी अंबादास गाडे आणि सदानंद बाकरे. यांतले हुसेन आपल्या पंढरपुरात जन्मलेले. ते सिनेमाचे मोठे फलक रंगवून पोट भरत. गाडे विदर्भातले. आज या सहाजणांची नावे साऱ्या जगाला ठाऊक आहेत. पण तेव्हा ती तरुण पोरे होती, खिशात पैसा नाही आणि डोक्यात मात्र नवे काही करण्याची आग.

आता गंमत पाहा. या बंडखोर पोरांनी आपले मुंबईतील प्रदर्शन १९४९ च्या जुलै महिन्यात भरवले, ते कोठे? रॅम्पार्ट रोवर, म्हणजे हल्लीच्या के. दुभाष मार्गावर, बॉम्बे आर्ट सोसायटीचा जो सलॉन होता, त्याच सलॉनमध्ये! ज्या संस्थेवर रुसून गट काढला, तिच्याच भिंतींवर त्या गटाची चित्रे लागली. प्रसिद्ध लेखक मुल्कराज आनंद यांनी उद्घाटन केले. आणि १९५२ साली सोसायटीने आरा यांना सुवर्णपदक दिले. त्या चित्राचे नाव 'टू जग्ज', म्हणजे पाण्याची दोन भांडी.

हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ नुसती बसले होते. पाण्याची दोन भांडी! ज्या माणसाचे चित्र नाकारले, त्यालाच पाच वर्षांनी सर्वांत मोठे पदक दिले. याचा अर्थ परीक्षक चुकतात. मोठ्या संस्थांचे, शिकलेले, परदेश पाहिलेले परीक्षकही चुकतात. मग आम्ही तिघी चुकलो यात नवल ते काय? परंतु सोसायटी चुकल्यावर तेथेच थांबली नाही. तिने आपली जागा त्या पोरांना बंद केली नाही, आणि पुढे चांगले काम दिसल्यावर "याला मागे आपण परत पाठवले होते" हा मुद्दा आड येऊ दिला नाही. आम्ही मात्र त्या मुलीला पुन्हा विचारावयास गेलो नव्हतो.

आणखी एक नाव त्याच गटातले. रझा हे मध्यप्रांतातील वनाधिकाऱ्याचे पुत्र. मुंबईत ब्लॉक तयार करणाऱ्या एका स्टुडिओत नोकरी करून ते शिकत. त्यांचे पहिले स्वतंत्र प्रदर्शन १९४६ साली सोसायटीच्याच सलॉनमध्ये झाले. त्या साली त्यांना रौप्यपदक मिळाले व १९४८ साली सुवर्णपदक. पुढे ते फ्रान्सला गेले आणि साठ वर्षे तेथे राहिले. म्हातारपणी त्यांनी तरुण कलावंतांना साहाय्य करण्यासाठी आपल्या नावाने प्रतिष्ठान स्थापन केले. आरा यांनीही पुढे आर्टिस्ट्स सेंटर या संस्थेचे काम पाहिले आणि होतकरूंना धीर दिला. ज्याला कोणी हात दिलेला असतो, तो दुसऱ्याला हात देतो. आपल्या बायकांत नाही का, जिच्या बाळंतपणात शेजारीण धावली, ती पुढे दुसरीच्या बाळंतपणात न बोलावता जाते, तसेच हे.

१९५२ सालीच जहांगीर आर्ट गॅलरी उघडली. सर कावसजी जहांगीर यांनी आपल्या दिवंगत मुलाच्या स्मरणार्थ तिच्यासाठी देणगी दिली. म्युझियमच्या आवारात ती बांधली आहे. अशी गॅलरी व्हावी म्हणून चित्रकार के. के. हेब्बर आणि शास्त्रज्ञ होमी भाभा यांनी खटपट केली होती. हेब्बर यांनाही १९४७ साली सोसायटीचे सुवर्णपदक मिळालेले होते. या गॅलरीमुळे चित्रे पाहणे ही साहेबांची किंवा धनिकांची मिरास राहिली नाही. माझ्यासारखी बाई ऊन लागते म्हणून आत शिरते आणि चित्र पाहून विचार करू लागते, हे तिच्यामुळेच.

सोसायटीला आज सव्वाशेहून अधिक वर्षे झाली. साहेब केव्हाच गेले, कारभार आपल्या लोकांकडे आला. वांद्रे रेक्लमेशनला आता तिची स्वतःची इमारत आहे. वार्षिक प्रदर्शनासाठी देशभरातून चित्रे येतात, विद्यार्थ्यांना निराळी पारितोषिके असतात. बेंद्रे-हुसेन या नावाची एक शिष्यवृत्ती तरुण चित्रकारांना दिली जाते. यातले बेंद्रे म्हणजे नारायण श्रीधर बेंद्रे. इंदूरहून आलेल्या या चित्रकाराला १९४१ साली सोसायटीचे सुवर्णपदक मिळाले होते. आणि हुसेन म्हणजे सिनेमाचे फलक रंगवणारे तेच हुसेन. एकेकाळी जे स्वतः होतकरू म्हणून या दारात आले, त्यांच्याच नावाने आज नव्या मुलांना मदत मिळते. ज्यांनी जन्मभर कलेची सेवा केली, त्यांचाही 'रूपधर' पुरस्कार देऊन सन्मान होतो.

हा झाला इतिहास. यातून आपल्या मंडळाने काय घ्यावयाचे? आपले मंडळ म्हणजे काही बॉम्बे आर्ट सोसायटी नव्हे. आपल्याजवळ सुवर्णपदके नाहीत, स्टीलचे डबे आहेत. सलॉन नाही, जिन्याजवळची भिंत आहे. परंतु मला असे दिसते की संस्थेने दिलेल्या गोष्टींत पैशाची गोष्ट शेवटची आहे. पहिली गोष्ट जागा. दुसरी गोष्ट नीट पाहणे. नापसंत असले तरी दोन मिनिटे उभे राहून, हिला काय सांगावयाचे आहे असे विचारून पाहणे. आणि तिसरी गोष्ट, चूक झाली तर पुन्हा बोलावणे. या तिन्ही गोष्टींना वर्गणी लागत नाही.

नाकारलेली प्रत्येक मुलगी पुढे अमृता शेरगिल होईल असे मी म्हणत नाही. बहुतेक मुली आपल्यासारख्याच संसाराला लागतील. पण ज्या मुलीने पहाटेच्या नळावर उभ्या राहिलेल्या आपल्या आईला पाहिले आणि तिची रांगोळी घातली, त्या मुलीला आपण "हे कळकट आहे" असे सांगितले, तेव्हा आपण खरोखर कोणाला कळकट म्हटले? त्या रांगेत पदर खोचून उभी असलेली बाई मीच होते की! मला ते तेव्हा दिसले नाही. धुरंधरांनी घरकामाचे चित्र काढले तेव्हा इंग्रज साहेबाने त्याला बक्षीस दिले, आणि आपल्या मुलीने आपले चित्र काढले तेव्हा आपण ते पुसू दिले.

गेल्या महिन्यात मी तिच्या घरी गेले. बरोबर काही नेले नाही, नाही तर खाऊ देऊन समजूत काढल्यासारखे झाले असते. तिच्या आईसमोरच मी तिला सांगितले, "दिवाळीत माझे चुकले. तुझी रांगोळी मी नीट पाहिली नव्हती." ती खाली मान घालून बसली. थोड्या वेळाने म्हणाली, "काकू, त्यात तिसरी बाई तुम्हीच होता." मग माझ्याच्याने बोलवेना. तिची आई चहा टाकायला उठली. निघताना मी आरा यांची हकीगत तिला सांगितली. तिने एवढेच विचारले, "ते नाकारलेले चित्र आता कुठे आहे?" मला ते सांगता आले नाही. तिच्या रांगोळीचेही आता कोणाजवळ काही नाही.

म्हणून माझी मंडळाला एक विनंती आहे. या वर्धापनदिनाला जिन्याजवळची भिंत आपण झाडूनपुसून घ्यावी, एक दोरी बांधावी आणि चाळीतल्या व शेजारच्या मुलामुलींनी जी चित्रे आणून दिली असतील ती सगळी, न निवडता, चिमट्यांनी तेथे लावावी. निवड-समिती यंदा नको. बक्षिसे द्यावयाची असतील तर द्यावी, पण परीक्षकांनी प्रत्येक चित्रासमोर उभे राहावे आणि मुलांशी दोन शब्द बोलावे. परीक्षक म्हणून मला यंदा घेऊ नये. मी दोरी बांधण्याचे काम करीन. आणि सुटीच्या एखाद्या दिवशी सर्वांनी मिळून मुलांना जहांगीर आर्ट गॅलरीत न्यावे. लोकलचे भाडे आणि डब्यातली पोळी-भाजी एवढाच खर्च आहे.

त्या मुलीने चित्र देण्याचे अजून कबूल केलेले नाही. "बघते" असे म्हणाली आहे. दोरीवर एक चिमटा मी तिच्यासाठी मोकळा ठेवणार आहे. तिने यंदा काही दिले नाही, तर पुढच्या वर्षीही ठेवीन.

चिटणीसताई, पाककृती पुढच्या अंकाला नक्की देईन.